देवाची ओळ

“द्राक्षं देवाच्या ओळीतलीच आण, वैजू. दुसरीकडं हात लावायचा न्हाई,” इंदुकाकी म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या हातात बांबूची कोरी बुट्टी दिली. तळाशी केळीचं पान घातलं होतं, कडेनं झेंडूची माळ गुंडाळली होती.

“व्हय काकी.”

“घड मोठे बघून घे. आणि बुट्टी मागच्या बाजूनं दे, मांडवात येऊ नको. वाईट वाटून घेऊ नको हां, पण आज पोटुशीचा दिवस हाय. तुझं ते तसं झालेलं...” पुढचं त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं.

मी मान डोलावली. अंगाचा मात्र नुसता तिळपापड झाला होता. माझं ‘ते तसं’ जिच्या हातून झालं तीच बाई मला मांडवाबाहेर उभं करत होती. मनात म्हटलं, काकी, आज मी पुढूनच येणार आणि जे तुम्ही वर्षभर गिळून बसलाय ते चारचौघींत तुमच्याच तोंडून काढणार.

याला आता बरीच वर्षं झाली. तासगावच्या पुढं चिंचसोनी म्हणून आमचं गाव. तिथल्या धनवडे मालकांच्या द्राक्षबागेत मी कामाला होते आणि माझा नवरा संपत त्यांच्याच ट्रॅक्टरवर. तेव्हा मी त्याचं नाव घेत नसे, ‘ह्यांनी’ आणि ‘ह्यांना’ असंच चालायचं. आता खुशाल घेते, कारण नाव न घेण्याइतका मान काही शिल्लक राहिलेला नाही. संपत ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून बागेला औषधं मारायचा. मी बाकीच्या बायकांबरोबर घड विरळायचे, पानं काढायचे आणि माल तयार झाला की कात्री घेऊन तोडणीला उभी राहायचे.

त्या दिवशी मालकांच्या आणि इंदुकाकींच्या मृणालताईंचं डोहाळजेवण होतं. पुण्याला दिलेली एकुलती एक लेक, पहिलंच बाळंतपण. काकींनी हौसेनं बागेतलं डोहाळजेवण मांडलं होतं. मांडवाखाली झोपाळा, झोपाळ्याला फुलं, डोक्यावर घडच घड लोंबताहेत, खाली गावभरच्या सवाष्णी. हिरव्या साडीत मृणालताई दिसतही छान होत्या. त्यांच्याशी माझं काही वाकडं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

देवाची ओळ म्हणजे बागेची शेवटची, विहिरीकडची ओळ. पहिला घड जोतिबाला जातो म्हणून ती देवाची, असं काकी सगळ्यांना सांगायच्या. आम्ही मजूर बायका त्या ओळीतला गळून पडलेला मणीसुद्धा उचलत नव्हतो. देवाच्या नावापुढं कोण बोलणार? मीही गळ्याशपथ खरं मानलं होतं.

आदल्या वर्षी याच दिवसांत मी पोटुशी होते. पाच महिने सरले होते आणि जीव सारखा आंबटावर जायचा. चिंचा खाऊन झाल्या, कैऱ्या अजून यायच्या होत्या. एकदा पाणी प्यायला विहिरीवर गेले तर समोर ती ओळ, मणी नुकते पाणी धरून मऊ व्हायला लागलेले. आंबटगोड असणार हे बघूनच कळत होतं. काकी तिथंच उभ्या होत्या, म्हणून धीर करून म्हटलं, “काकी, ह्यातला एक घड घेऊ का? लई वासना झालीया.”

“अगं बाई, देवाची हाय ती!” काकींनी कानाला हात लावला. मग माझ्या पोटाकडं बघून त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “पण तू पोटुशी. तुला न्हाई म्हणून मी पाप कुठं फेडू? चल माझ्यासंगं.”

त्या मला तीन नंबरच्या प्लॉटात घेऊन गेल्या. त्यांनी स्वतःच्या हातानं घड तोडले आणि माझ्या पदरात घातले. “पोटभर खा. संपली की पुन्हा ने. रोज जाताना घेऊन जात जा, कुणी अडवलं तर माझं नाव सांग.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मालकीण असून स्वतः तोडून देते, केवढं मन! घरी जाऊन सासूला कौतुकानं सांगितलं. माझ्या सासूला मी आत्याबाई म्हणायचे, आमच्याकडं तशीच रीत. आत्याबाईसुद्धा म्हणाल्या, “थोरामोठ्याच्या घरचं काळीज थोरच असतंय.”

संपत बाहेरून आला. त्यानं बुट्टीतली द्राक्षं बघितली, माझ्याकडं बघितलं. “कुठली ही?”

“तीन नंबरातली. काकींनी दिली.”

तो जरा वेळ उभा राहिला. मग चप्पल काढता काढता म्हणाला, “धुऊन खा.”

एवढंच. मला वाटलं, बघा, किती काळजी. मी धुतली आणि खाल्ली. रोज आणत होते, रोज धुवत होते, रोज खात होते.

काही दिवसांनी पोटाची तक्रार सुरू झाली. आधी नुसती जळजळ, मग पोटात पीळ पडायचा तो असा की बागेतच खाली बसावं लागायचं. खाल्लेलं अंगी लागेना. भाकरी खाल्ली की जुलाब, भात खाल्ला की जुलाब. पोट पुढं वाढत होतं आणि हातापायांच्या काड्या होत होत्या. गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्यानं तात्पुरतं थांबायचं. तोंडाला चव नव्हती तेव्हा द्राक्षंच तेवढी घशाखाली उतरायची. म्हणून मी तीच खात होते, आत्याबाई तीच पुढं ठेवत होत्या आणि संपत समोर बसून जेवत होता.

आठवा लागायच्या आधीच मी बाळंत झाले. मुलगा होता. रडला नाही.

तासगावच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, वयानं लहानच. त्यांनी माझी सगळी हकीगत ऐकून घेतली. पोट कधीपासून बिघडलं, काय खात होते, काम काय करते, सगळं विचारलं.

“बागेत औषध मारल्यावर लगेच आत जाता?”

“जावं लागतंय. काम थांबत न्हाई.”

“हाताला काही घालता?”

“हाताला काय घालायचं? घड बोटांनी विरळायचे असतात.”

“आणि द्राक्षं? ती कुठली खाल्लीत? फवारलेली?”

“मालकिणीनं दिली होती, बाई. मायेनं. धुऊन खात होते.”

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, म्हणाल्या, “हे बघा, पोटुशी असताना आतडं सावकाश चालतं. जे खाल्लं जातं ते आत जास्त वेळ रेंगाळतं. आपल्या पोटात चांगले जंतू असतात, ते अन्न पचवतात, पोटाचं रक्षण करतात. किडीला मारायचं औषध रोज पोटात गेलं तर त्या चांगल्या जंतूंनाही धक्का बसू शकतो. मग आईच्याच अंगी काही लागत नाही, तर बाळाला काय मिळणार? यामुळंच बाळ गेलं असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. अशा गोष्टी एका कारणानं होत नाहीत. पण ती द्राक्षं तुम्हाला कुणी द्यायला नको होती.”

तरीही माझं डोकं चाललं नाही. मला वाटलं, सगळी बागच तशी, काकींना तरी काय ठाऊक असणार? त्या बिचाऱ्या नारळ घेऊन मला भेटायला आल्या. “काहीतरी शिळंपाकं खाल्लं असशील गं. तुझं पोटच मुळात नाजूक,” म्हणाल्या. मी त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले. आज आठवलं की त्या खांद्याला चावावंसं वाटतं.

काकी गेल्या आणि आत्याबाईंना शब्द सापडला. नाजूक पोट. मग गल्लीत, नळावर, लग्नाकार्यात तेच. “हिच्या पोटात अन्न ठरंना, तिथं पोर काय ठरणार? हावरी हाय नुसती. बुट्ट्याच्या बुट्ट्या द्राक्षं खाल्ली आन् माझा नातू घालवला.” माझं पोट खरोखरच धड राहिलं नव्हतं, तिखट लागलं की पीळ पडायचा. तो आजही पडतो. आत्याबाई माझ्या ताटाकडं बघत बसायच्या आणि मी उठून परसात गेले की मान हलवायच्या. दिवाळीनंतर मिरजेकडचे कुणी पाहुणे येऊन चहा पिऊन गेले. पोरगी दाखवायची बोलणी होती, संपतसाठी. मी माहेरी जावं, असं परभारे ठरलं होतं. संपत त्यावरही काही बोलला नाही. तोंडात मूग धरून बसायची त्याला सवयच होती.

अशात एकदा त्याची भाकरी घेऊन मी दुपारची बागेत गेले. ब्लोअर चालू होता. तो आवाज असा असतो की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. ट्रॅक्टर विहिरीच्या बाजूला आला आणि आवाज एकदम बंद झाला. मला वाटलं, मशीन बिघडलं. पण ट्रॅक्टर चालतच राहिला. देवाची ओळ संपली, वळण घेतलं आणि ब्लोअर पुन्हा सुरू झाला.

संपत जेवायला बसला तेव्हा मी विचारलं, “त्या ओळीला औषध मारत न्हाई?”

“सुरुवातीला मारतो की. मणी भरायला लागले की बंद. मालकांनी सांगितलंय.”

“देवाला औषध चालत न्हाई व्हय?”

तो हसला. “कुठला देव? घरात खायला ठेवत्यात ती. पाव्हण्यारावळ्यांना तीच देत्यात. बाकीच्यांनी हात लावू नये म्हणून देवाचं नाव.”

भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडात होता. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. “आन् तीन नंबरचा प्लॉट?”

“त्यो गेल्या साली परदेशात जाणार होता. तिकडनं माणसं येऊन नमुना घेऊन गेली तर औषध जास्त निघालं. नापास झाला. मग काढून बेदाण्याला घातला.”

“कधी नापास झाला?”

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तो चावायचा थांबला.

“मी द्राक्षं आणत होते तेव्हा नापास झालेला होता? काकींना ठावं होतं? तुमास्नी ठावं होतं?”

संपत खाली बघून म्हणाला, “मी म्हटलं होतं की, धुऊन खा म्हणून.”

मी ओरडले नाही. रागाची एक पायरी अशी असते की तिथं आवाजच फुटत नाही. मी डबा गोळा केला आणि घरी येऊन आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या माझ्यावरच उसळल्या. “मालकिणीवर आळ घेतीस? अगं, त्यांनी मायेनं पदरात घातलं. तुझ्या जिभेला हाडच न्हाई. माझ्या लेकानं तरी सांगितलं नसतं का?” संपत दारात उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं हूं की चूं केलं नाही.

त्या घडीला मला कळलं की मी शंभर वेळा बोलले तरी उपयोग नाही. हे काकींच्या तोंडून यायला हवं. गावासमोर, आत्याबाईंसमोर. नाहीतर मी जन्मभर पोर खाल्लेली हावरी. मृणालताई बाळंतपणाला येणार, असं कळलं आणि मी वाट बघायला लागले. वाट बघण्यातही एक गोडी असते. ज्याला सूड घ्यायचाय त्याला विचारा.

तर त्या दिवशी ती कोरी बुट्टी घेऊन मी बागेत गेले. दोन दिवसांपूर्वी ढगाळ हवा पडली होती आणि मालकांनी भुरी रोगाच्या धास्तीनं तीन नंबरला पुन्हा औषध मारून घेतलं होतं. संपतनंच मारलं होतं. देवाच्या ओळीतले घड आणि त्या प्लॉटातले घड शेजारी ठेवले तर मालकालासुद्धा ओळखू येणार नाहीत, असे दोन्ही टपोरे. मी घड तोडले, पानावर नीट रचले, वर ओला रुमाल टाकला आणि तीन नंबरच्या ओळीतून वाट काढत बाहेर आले.

बाहेर संपत ट्रॅक्टर पुसत होता. मला बघून त्याचा हात थांबला. “तिकडनं कशी आलीस? देवाच्या ओळीतली आणायला सांगितली ना?”

“तुमाला काय करायचंय? तुमी तुमचा ब्लोअर बघा.”

“अगं, परवाच मारलंय तिथं.”

“मग?”

“मग म्हंजे? मृणालताई खाणार...”

“धुऊन खातील की,” मी म्हणाले.

त्याचा चेहरा कसा झाला ते मी मनात जपून ठेवलंय. मी तिथं थांबले नाही. मागच्या बाजूला गेले नाही. सरळ मांडवात शिरले, सवाष्णींच्या मधून, आणि झोपाळ्यासमोर बुट्टी ठेवली. बायकांची कुजबुज झाली. पंगतीला वाढायला आलेल्या आत्याबाईंनी लांबूनच डोळे वटारले. काकींच्या कपाळावर आठी आली, पण चारचौघींत त्या काय बोलणार? “बरं, बरं, ठेव आन् जा,” एवढंच म्हणाल्या.

“जाते. ताईंच्या तोंडात पहिला घास पडू दे, मग जाते.”

“राहू दे गं आई तिला,” मृणालताई म्हणाल्या. “अय्या, द्राक्षं! कधीपासून वाट बघतेय.”

काकींनी हसून एक घड उचलला. पहिला मणी आईनं भरवायचा होता. बायका गाणं म्हणायला लागल्या. तेवढ्यात मांडवाच्या कडेला संपत दिसला, धापा टाकत, तोंडावरचा घाम पुसत. बायकांच्या कार्यात पुरुषमाणूस आलेलं बघून गाणं थांबलं.

“काकी, जरा इकडं या. लगीच या.”

घड मृणालताईंच्या हातात देऊन काकी गेल्या. त्यानं त्यांच्या कानाशी लागून सांगितलं. मी बघत होते. गेल्या वर्षी रोज संध्याकाळी समोर बसून ज्याला एक वाक्य बोलता आलं नाही तो आज बागेतून पळत आला होता. दुसऱ्याच्या बायकोसाठी, मालकाच्या लेकीसाठी. तो येईल की नाही हे मला बघायचंच होतं. तो आला तेव्हा माझ्या आत उरलंसुरलं जे काय होतं ते तुटलं आणि एकदम हलकं वाटलं.

काकी परत आल्या त्या पांढऱ्याफटक होऊन. “मृणाल, ती द्राक्षं नको. खाली ठेव.”

“का गं?”

“आंबट हायती.”

बायका खो खो हसल्या. “अहो इंदुताई, पोटुशीला आंबटच लागतंय की!”

“किडकी हायती ती.”

शेजारच्या शेवंताक्कांनी घड उचलून उलटसुलट बघितला. “किडकी कुठं? डाग न्हाई एकाला. काय तरीच तुमचं.”

“मी म्हणते ना, नको म्हणून! दुसरी आणा.”

“का नको, काकी?” मी विचारलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, इतका शांत. “पोटुशीनं मागितलं की न्हाई म्हणू नये, तुमीच शिकवलंत मला. भरवा की.”

“तू गप बस! तुझं तोंड...”

“आई, किती ते,” मृणालताई वैतागून म्हणाल्या आणि त्यांनी बुट्टीतला एक मणी तोडून तोंडाकडं नेला.

काकींनी त्यांच्या हातावर अशी चापट मारली की मणी उडून शेवंताक्कांच्या मांडीवर पडला. “खाऊ नको! परवाच औषध मारलंय त्यात! विष हाय ते, पोट बिघडलं तर पोराचं काय हुईल?”

झोपाळा हलायचा थांबला. बघा, किती सोपं होतं! सगळं काकींना पाठ होतं, पोटाचंसुद्धा, पोराचंसुद्धा. वर्षभर फक्त सांगायचं राहिलं होतं.

“काकी,” मी म्हणाले, “मग मला का दिलीत?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग बायकांकडं. “तुला... कधी...”

“तीन नंबरातली. नापास झालेली. मी देवाच्या ओळीतला एक घड मागितला होता. तुमी हाताला धरून तिकडं नेलंत आन् पदरात घातलीत. रोज ने म्हणालात. माझ्याबी पोटात पोरच होतं की.”

“तुमचं काय गं,” काकींच्या तोंडून निघून गेलं, “तुमी बागेतच असता. तुमास्नी सवय असती.”

हे वाक्य मी मागितलंसुद्धा नव्हतं. ते त्यांनी वरकड दिलं.

आत्याबाईंच्या हातातलं ताट खाली गेलं. पुरणपोळ्या मातीत पडल्या. त्या पुढं आल्या, आयुष्यभर मालकिणीसमोर मान खाली घालून वावरलेली बाई, आणि काकींच्या अगदी तोंडासमोर उभी राहिली. “माझा नातू होता त्यो,” आत्याबाई म्हणाल्या. “माझा नातू होता, इंदे.” इंदे! मांडवातल्या एकीनंही त्यांना आवरलं नाही.

मग त्या संपतकडं वळल्या. “आन् तुला ठावं होतं?”

संपत खाली बघत होता.

मृणालताई झोपाळ्यावरून उतरल्या. केसांतली फुलं त्यांनी एकेक करून काढली आणि बुट्टीशेजारी ठेवली. “आई, ती देवाची ओळ आपल्या खायची आहे, एवढंच मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “बाकीची तू कुणाकुणाला देतेस ते कधी विचारलंच नाही मी.” काकी त्यांना धरायला गेल्या तर त्यांनी हात मागं घेतला. बाळंतपणाला त्या चिंचसोनीत राहिल्या नाहीत, पुण्याला सासरीच परत गेल्या. पहिलं बाळंतपण आणि लेक माहेर सोडून गेली, हे काकींना गावानं पुढं कितीतरी वर्षं विसरू दिलं नाही. मला वाईट वाटलं का? नाही. विचारणाऱ्याला मी आजही नाही असंच सांगते.

मिरजेचे पाहुणे नंतर पुन्हा आले होते. आत्याबाई त्यांना दारातूनच घालवायला निघाल्या, पण मीच त्यांना आत बसवलं, चहा केला आणि पोरीच्या बापाला सांगितलं, “माणूस कष्टाळू हाय. फक्त एक हाय, ताटात विष असलं तरी धुऊन खा म्हणतो.” बाप चहा अर्धा टाकून उठला. त्याच आठवड्यात मी माझी पेटी भरली. आत्याबाई वेशीपर्यंत आल्या, माझे दोन्ही हात धरून रडल्या. मी रडले नाही. आता पलूसला माझी मेस आहे आणि पोरं म्हणतात मावशींच्या हातचं अन्न पोटाला बाधत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या घटकेला मांडवात काकी झोपाळ्याला धरून उभ्या होत्या आणि बायका एकमेकींकडं बघत होत्या. शेवंताक्का मांडीवर पडलेला मणी चिमटीत धरून बसल्या होत्या, टाकावा कुठं ते त्यांना कळत नव्हतं. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि तोंडात टाकला.

“वैजे!” आत्याबाई ओरडल्या.

“काय होत न्हाई, आत्याबाई.” मी बुट्टी ओढून घेतली आणि तिथंच, सवाष्णींच्या मधोमध, मांडी घालून बसले. “काकी, तुमी सांगितलेल्या ठिकाणचीच हायती. देवाच्या ओळीतली. तीन नंबरातनं मी नुसती चालत आले.”

काकींनी डोळे मिटले. कडेला संपत उभा होता, त्याला आता बोलायचं होतं बहुतेक, तोंड उघडत होता आणि मिटत होता. मी त्याच्याकडं बघत एक घड उचलला. ती द्राक्षं मी पहिल्यांदाच खात होते. फार गोड होती. मी सावकाश, एकेक मणी करत, सगळा घड खाल्ला. न धुता.